भागाबाईच्या नाकातली चांदणी

शिवहारला एकच चांदणी पाहिजे होती. आभाळातली नव्हे, फोटोतली, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि तीही आपल्या वारलेल्या आईच्या नाकावर. एवढ्याशा कामापायी चांगल्या पगारदार माणसाची काय दशा होते हे ज्याला पाहायचं असेल त्यानं कुरुंद्याला जावं आणि शिवहारपुढं नुसता 'चांदणी' हा शब्द काढावा. तो उठून आत निघून गेला तर मात्र राग मानू नये. तुमच्याआधी साऱ्या गावाचा तो शब्द काढून झालेला आहे.

झालं होतं असं, की त्याचे वडील मसाजीअप्पा यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. अप्पांना ते कबूल नव्हतं. "मला बराबर दिसतंय," असं ते म्हणत, आणि म्हणता म्हणता शेळ्यांचा पाला शिवहारच्या मोटारसायकलीपुढं टाकत. एकदा तर "ही तांबडी दोन दिसापून खात न्हाई, ढोराच्या डाक्टरला बलाव," असंही म्हणाले. मोटारसायकल तांबडी होती हे त्यांनी ओळखलं, याचंच घरच्यांना कौतुक वाटलं. पण पुढं एका सकाळी ते ओटा समजून पाण्याच्या हौदावर बसायला गेले आणि हौदात बसले, तेव्हा शिवहारनं त्यांना उचलून वसमतच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी टॉर्च मारून पाहिलं आणि सांगितलं, की आता लांबवू नका, अजून लांबवलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही.

अप्पा घरी आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "डोळा चिरला अन् बिघडला, मंग? आधी तुझ्या मायचा फोटू भिंतीला लाव. तिला एकदा धड पाहून घेतो. मंग एक काय, दोन्ही चिरा."

मागणी काही जगावेगळी नव्हती. भागाबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्ध तोंडावर होतं, आणि भिंतीवर तिचा फोटो नव्हता. बैठकीच्या भिंतीवर फोटो म्हणाल तर एकच होता, आणि तो फोटोही नव्हता. ते शिवहारचं कम्प्युटरचं प्रमाणपत्र होतं, काचेच्या चौकटीत. शिवहार तालुक्याच्या एका कचेरीत लिपिक आहे. आमच्याकडं लिपिकाला नोकरी टिकवायला ते प्रमाणपत्र लागतं, पण ते चौकटीत घालून दारासमोर लावणारा सगळ्या तालुक्यात तो एकटाच.

भागाबाईनं जन्मात हौसेनं फोटो काढून घेतला नाही. लग्नाकार्याच्या फोटोंत ती आहे, पण कुठं नुसता पदर आहे, कुठं वाढणारा हात आहे. तोंड दिसेल असा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. त्यात ती पंखा बंद पडल्यावर माणूस वर बघतो तशी बघत होती. शिवहारनं तो मोठा करून आणला. अप्पांनी कागद नाकापासून चार बोटांवर धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"चमकी कुठाय?"

"ही काय अप्पा." शिवहारनं बोट ठेवलं. नाकातली चमकी होती, पण तिळासारखी, विझलेली.

"ह्याच्यातून चांदणी कुठं निघून राहिली?"

"कोणती चांदणी?"

"अरे, रोज सकाळी ती शेळ्या पिळायला बसायची. ऊन असं आडवं यायचं. मी हाक मारली की मान वळवायची, अन् नाकातून ही एवढी चांदणी निघायची. लांब लांब काड्या. मधी पांढरी, कडंला हळदीवानी पिवळी." अप्पांनी कागद पुन्हा नाकाशी नेला. "म्हातारी झाली तशी तर लईच मोठी निघायली. ती न्हाई त्या फोटूत. मंग कोण हाय ही? बिनचांदणीची?"

"एवढंच ना?" शिवहार म्हणाला. "कम्प्युटरवर होतं ते."

हे वाक्य तो बोलला नसता तर गोष्ट इथंच संपली असती आणि सगळे सुखानं जेवले असते.

आधी त्याला वाटलं, मूळ फोटोच साफ मिळाला तर चमकी आपोआप चमकेल. म्हणून रजा टाकून तो एका सुविधा केंद्रावर गेला. रांगेत उभं राहून नंबर आल्यावर त्यानं विचारलं, की आईचा फोटो मोठा, चांगला मिळेल का. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, "फोटो चांगला पाहिजे तर नवीन काढावा लागतो. व्यक्तीला घेऊन या."

"ती वारली."

"मग वारसाला घेऊन या."

"मीच वारस आहे."

"मग बसा. पण फोटो तुमचा निघेल."

सरकारी नोकरीत मुरलेल्या शिवहारला यातलं काहीच चुकीचं वाटलं नाही, हे त्याचं खरं दुःख. नियम बरोबरच होता. तो 'थँक्यू साहेब' म्हणून बाहेर आला.

मग प्रेमसिंगचा स्टुडिओ. प्रेमसिंग म्हणजे आमच्या भागातला चांदण्यांचा घाऊक व्यापारीच. नवरीची अंगठी, नवरदेवाचा गॉगल, वाढदिवसाच्या बॅनरवरच्या पुढाऱ्याची सोनसाखळी, जिथं म्हणून उजेड पडू शकतो तिथं तो चांदणी टाकतो. एका उमेदवाराच्या दातावर त्यानं चांदणी टाकली आणि तो माणूस निवडून आला, असं तो सांगतो. पडलेल्यांच्या दातांविषयी तो बोलत नाही.

"साहेब, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "माताजीला असं करून देतो, की बघणारा बघतच राहील."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो दिला तेव्हा शिवहार खरंच बघत राहिला. प्रेमसिंगनं आधी चेहरा 'साफ' केला होता. त्या सफाईत भागाबाईच्या सुरकुत्या गेल्या, कपाळावरचं गोंदण गेलं, आणि डाग समजून कम्प्युटरनं चमकीही पुसून टाकली. मग चमकीच नाही म्हटल्यावर चांदणी कुठं टाकणार, म्हणून त्यानं ती कानात टाकली होती.

घरी शिवहारच्या बायकोनं, सीमानं, फोटो हातात घेतला. "ही तर माझी धाकली बहीण दिसायली," ती म्हणाली. "आता मी हिच्या पाया पडू का हिनं माझ्या?"

अप्पांनी चार बोटांवरून पाहिलं. "कोणाची पोरगी उचलून आणली? परत नेऊन दे."

सुरकुत्या परत आणायला प्रेमसिंगला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आणि मग यात शेजारचे सोमेश्वर शिरले. हे निवृत्त कृषी सहायक. सगळं आयुष्य लोकांना खताचा डोस सांगण्यात गेलेलं, त्यामुळं कोणतीही गोष्ट किती प्रमाणात टाकावी हे आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री. त्यांनी खुर्ची ओढली आणि चांदणीला टोकं किती असावीत हा विषय काढला. शिवहारनं तोवर त्याचा विचारच केला नव्हता. चांदणी म्हणजे चांदणी, असं धरून चालणारा तो साधा माणूस.

प्रेमसिंगनं चार टोकांची करून दिली. अप्पा म्हणाले, "मास्तरनं गणितावर चूक मारल्यावानी दिसतंय." पाच टोकांची केली. अप्पा म्हणाले, "ही काय फौजदार व्हती का?" सहा टोकांची सोमेश्वरांनी आपल्या अधिकारात बाद केली, का, ते सांगितलं नाही. "आठ टोकांची टाका," ते म्हणाले. "आठ दिशा. ह्याला शास्त्राधार हाय." आठ टोकांची आली. अप्पांनी कागद झटकला. पुन्हा पाहिलं, पुन्हा झटकला.

"काय झालं अप्पा?"

"नाकावर कोळी बसलाय तिच्या. जाईना झालाय."

मग सोमेश्वरांनी डोस वाढवायला सांगितला. चांदणी मोठी झाली, इतकी की एक टोक भुवईत गेलं आणि एक हनुवटीत. "पानी टाका रे, नाकाला आग लागली," अप्पा म्हणाले. शिवहारनं हात जोडले. "अप्पा, तुमीच सांगा, कशी पाहिजे?"

"म्या सांगितली की. लांब काड्या. अन् हालायची ती."

हालायची! हे आधी बोलले नव्हते. प्रेमसिंगनं हालणारीही केली. मोबाईलवर लावली की भागाबाईच्या नाकावर चांदणी लुकलुक करे, विझे, परत पेटे. अप्पांनी बराच वेळ पाहिलं.

"ही नाकानं डोळा मारायली," अप्पा म्हणाले. "माझी भागा असली चावट न्हवती."

यानंतर प्रेमसिंगनं फोन उचलणं बंद केलं. तेव्हा शिवहारची नजर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडं गेली. हे आपण स्वतःच का करू नये? तो शिकलेला माणूस होता, त्याला चौकटीतला पुरावा होता. त्यानं मोबाईलवर चांदण्या टाकायचं एक ॲप घेतलं आणि कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कामाला बसला. ॲप हुशार निघालं. त्याला एक चांदणी सांगितली, तर चेहऱ्यावर जिथं जिथं जरा उजेड दिसला तिथं तिथं त्यानं आपणहून एकेक ठेवून दिली. कुंकवावर, कानांत, मंगळसूत्रावर, दोन्ही डोळ्यांत. मागं तेजाचं एक वर्तुळही आलं. ते कसं काढायचं हे शिवहारला सापडेना. तेवढ्यात साहेबांनी पाणंद रस्त्यांचा तक्ता कचेरीच्या ग्रुपवर मागितला. शिवहारनं घाईघाईनं तक्ता पाठवला. तो तक्ता नव्हता.

साहेबांनी हात जोडल्याची खूण पाठवली. साहेबांनी जोडले म्हणून मग सगळ्या कचेरीनं जोडले.

खरं सांगायचं तर शिवहारनं तेव्हाच 'ही माझी आई' असं लिहायला हवं होतं. पण साहेबांनी हात जोडल्यावर ते मागं कसे घ्यायला लावणार? तो गप्प बसला. संध्याकाळी घरी आला तर सीमा मोबाईल घेऊन दारात उभी. तिच्या बहिणीनं सेनगावहून पाठवलं होतं: 'ही जागृत देवी आहे. अकरा जणांना पाठवा, आठवड्यात शुभवार्ता येईल. दुर्लक्ष करणाऱ्या एकाची म्हैस आटली.' वर फोटो, तेजाच्या वर्तुळासकट.

"अगं, ही माय आहे!"

"व्हय, पाठवल्यावर कळलं मला."

"कोणाला पाठवलीस?"

"अकरा जणींना. म्हैस न्हाई आपली, पण शेळ्या हायती ना?"

सकाळी सोमेश्वर आले ते चप्पल बाहेर काढून, मोबाईल कपाळाला लावतच. भागाबाईच्या हातचा चहा त्यांनी वर्षानुवर्षं प्याला होता. "चेहरा ओळखीचा वाटून राहिला," ते म्हणाले. "हिचं ठाणं कुठंशी असंल, शिवहार? जाऊन यावं म्हणतो."

शिवहार आत गेला आणि धान्याच्या कोठीला पाठ टेकून बसला. ज्या आईपुढं अर्ध्या जिल्ह्यानं हात जोडले ती एकट्या बापाला पसंत नव्हती. लोक हसत होते त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. कचेरीत माणूस लोकांचं हसणं सोसायला शिकतो. त्याला आतून खात होतं ते वेगळंच. ही चांदणी त्याला स्वतःला आठवत नव्हती. तो डोळे मिटून आईला शेळीखाली बसवून बघे. तिचे हात आठवत, भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज आठवे, 'ऊठ, शाळा हाय' म्हणून तिनं मारलेली हाकही आठवे. नाकात चमकी होती हेही आठवे. पण तिच्यातून काही निघाल्याचं आठवेना. मग आपण आईला नीट पाहिलंच नाही की काय? इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि मान वर करून तिच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही? त्याला अगदी नकोसं झालं. बरं, हे सांगणार कोणाला? सीमाला विचारलं, तर ती म्हणाली, "मला तर काही चांदणीबिंदणी दिसली न्हाई बाई. पण मी सासूच्या नाकाकडं काहून बघू?"

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी शिवहारनं प्रेमसिंगला दुकानात गाठून शेवटची विनवणी केली होती, की लहान, मोठी, कसलीही, पण एक टाकून दे. नेमकी तेव्हाच तिकडची लाईट गेली ती आलीच नाही. सकाळी प्रेमसिंग स्वतः चौकट घेऊन आला, खाली मान घालून. आत तोच पहिल्या दिवशीचा फोटो होता. सुरकुत्या, गोंदण, विझलेली चमकी, पंखा बंद पडल्यासारखी नजर. चांदणी नाही.

"साहेब, सध्या हाच लावा. नंतर बदलून देतो."

शिवहारच्या अंगात रागवायचंही बळ उरलं नव्हतं. पाहुणे येऊन बसले होते. भागाबाईची बहीण सुमनबाई साखऱ्याहून आली होती. सोमेश्वर म्हणत होते की वारलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच पाहिजे. पण त्या भिंतीत खिळा शिरेना. दोन वाकले, एक उडून डाळीच्या पातेल्यात गेला. शेवटी शिवहारनं मुकाट्यानं आपलं प्रमाणपत्र उतरवलं आणि दारासमोरच्या त्या तयार खिळ्यावर आईला टांगलं. खिळा जुना, वाकडा. चौकट एका अंगाला कलली. सीमा ती सरळ करायला पुढं झाली, तेवढ्यात शेळ्या पिळून अप्पा दारात आले.

दार पूर्वेला आहे. अप्पांच्या खांद्यावरून ऊन आत आलं आणि कललेल्या काचेवर पडलं.

अप्पांच्या हातातलं भांडं खाली पडलं. दूध उंबऱ्यावरून अंगणात गेलं.

"आली!" ते म्हणाले. "हात लावू नको सीमा! आली की! तीच ही, हीच चांदणी!"

शिवहारनं वळून पाहिलं. काचेवर उन्हाचा एक ठिपका होता, ऊन काचेवर पडलं की होतो तेवढा. आईचं निम्मं नाक त्याच्यात गेलं होतं. बाकी काही नाही. त्यानं सुमनबाईकडं पाहिलं, तिनं सीमाकडं पाहिलं. कोणाला काही दिसलं नव्हतं. पण अप्पा उंबऱ्यात उभे राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होते, हसत होते, "बघ कशी बघून राहिली" म्हणत होते, आणि अशा माणसाला 'नाही' म्हणायची हिंमत तिथं कोणातच नव्हती.

"व्हय की, केवढी मोठी," सुमनबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली.

"आठ टोकाचीच हाय," सोमेश्वर म्हणाले. "म्या म्हणलंच व्हतं."

प्रेमसिंगनं मान वर केली. "हे आपलं खास काम असतं साहेब," तो हळूच म्हणाला, आणि पंगतीत आधी जाऊन बसला.

अप्पा शब्दाचे पक्के. दुसऱ्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून, शिवहारच्या मोटारसायकलीवर मागं बसून ते वसमतला आले. शिवहारला किती दिवसांनी हलकं वाटत होतं. चांदणी कशी आली, का आली, याच्याशी त्याला आता कर्तव्य नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी अप्पांचे डोळे तपासले. मग सहज विचारलं, "आजोबा, दिव्याकडं पाहिलं की काय दिसतं?"

"चांदणी दिसती."

"कशी?"

"लांब लांब काड्या. मधी पांढरी, कडंला पिवळी. सगळ्यालाच दिसती की. मोटारीचा लाईट म्हणा, घासलेलं भांडं म्हणा."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली. पयले बारीक व्हती."

"हो, बिंदू वाढत जातो तशी ती मोठी होते," बाई शिवहारकडं वळून म्हणाल्या. "मोतीबिंदूत हे होतंच. काळजी करू नका. ऑपरेशन झालं, की त्या डोळ्याला या चांदण्या बंद. सगळं स्वच्छ दिसेल."

शिवहार स्टुलावर बसला होता. चार टोकं, पाच टोकं, आठ टोकं, हालणारी, पेटणारी, सगळं त्याच्या डोळ्यापुढून गेलं. आईच्या नाकात चांदणी कधी नव्हतीच. होती ती नुसती चमकी, बाजारातल्या साध्या काचेची. आई म्हातारी होत गेली, बापाची नजर जात राहिली, आणि तिची चांदणी तेवढी वाढत गेली. त्याला बापाकडं बघवेना.

अप्पा बाईंकडं सरकून म्हणाले, "बाई, चमकी दिसंल का?"

"दिसेल की. चमकी चमकीएवढी दिसेल."

"अस्सं." अप्पांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. "दोन्ही डोळे एकाच वक्ताला करता का?"

"नाही, आधी एक. मग महिन्याभरानं दुसरा."

"मंग एकच करा. उजवा करा, शेळ्यांपुरता. डावा राहू द्या."

"अहो आजोबा, डावा तसाच ठेवला तर काही दिवसांनी त्यानं काहीच दिसणार नाही."

"तवर तर दिसंल," अप्पा म्हणाले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. आता पाला शेळ्यांनाच पडतो, आणि "तुझी गाडी किती मळली रे" असंही ऐकावं लागतं. चौकट अजून कललेलीच आहे. तिला सरळ करायला घरात कोणाला परवानगी नाही. रोज सकाळी ऊन आत आलं, की अप्पा उंबऱ्यात उभे राहतात, चांगल्या डोळ्यावर तळवा ठेवतात, आणि जरा वेळ तसेच थांबतात. मग शेळ्या पिळायला जातात.

परवा ते मळ्याकडं गेलेले पाहून शिवहार त्यांच्या जागी जाऊन उभा राहिला. त्यानं चष्मा काढला. उजव्या डोळ्यावर हात धरला, डावा बारीक केला, मान कलती केली. सीमा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती हसली नाही.

"दिसली का?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई," शिवहार म्हणाला.